करपा खरा, पण कोणता?

‘करपा पडला’ या दोन शब्दांत कोकणपट्टीतील शेतकरी आपल्या भातावर आलेले संकट सांगून मोकळा होतो. शब्द जुना आहे, नेमका भासतो आणि ऐकणाऱ्यालाही पुरेसा वाटतो. वस्तुतः त्यात किमान दोन स्वतंत्र रोग दडलेले आहेत. एक बुरशीमुळे होतो. त्यात पानावर दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्यभागी राखी रंगाचे ठिपके उमटतात. दुसरा जीवाणूमुळे होतो. त्यात पान शेंड्याकडून कडेकडेने पिवळे पडत, नागमोडी रेघ ओढीत खाली वाळत जाते. कृषी खात्याच्या पुस्तिकांत या दुसऱ्या रोगाला ‘कडा करपा’ असे वेगळे नाव आहे. परंतु बांधावरून दुकानापर्यंत जाताना त्यातील ‘कडा’ गळून पडते आणि ‘करपा’ तेवढा उरतो. मग दुकानातून जे मिळते ते बहुधा बुरशीनाशक असते आणि बहुतेक बुरशीनाशके जीवाणूपुढे निष्प्रभ ठरतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालू आहे. त्यात पैसा जातो, पीक जाते आणि पुढच्या हंगामासाठी शिकण्यासारखे जे होते तेही जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नावे ऐकली की भातशेती कोणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले व्यापारी नगर, कारखान्यांचे गाव आणि मुंबईच्या नोकरदारांना परवडणाऱ्या घरांचा पट्टा, अशी या तिघांची ओळख झाली आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. याच गावांना लागून उल्हास आणि बारवी नद्यांच्या काठी, डोंगरांच्या पायथ्याशी, अजूनही खरिपात भाताची खाचरे भरतात. ती कसणाऱ्यांत आगरी आणि कुणबी आहेत, तसे ठाकूर आणि कातकरीही आहेत. इमारतींच्या रेट्यापुढे टिकून राहिलेली ही शेती थोडी आहे, म्हणूनच तिचे एका हंगामाचे नुकसान जास्त बोचते. लागोपाठ दोन वर्षे पीक का गेले हे ज्याला कळत नाही, त्याला जमीन विकून टाकण्याचा सल्ला पटवून द्यायला फार वेळ लागत नाही.

या प्रश्नाशी या परिसराचा आणखी एक, फारसा ठाऊक नसलेला संबंध आहे. भारतात भातावरील कडा करप्याची पहिली नोंद १९५१ साली झाली, ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. बदलापूर आणि वांगणी ओलांडून शेलूकडे गेले की त्याच जिल्ह्याचा कर्जत तालुका लागतो. आणि कर्जत-नेरळचे पाणी घेऊनच उल्हास नदी बदलापुरात उतरते. पुढे १९५९ मध्ये श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल या शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी पटेल हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून घडलेल्या, वनस्पतींच्या जीवाणूजन्य रोगांच्या अभ्यासपरंपरेचे अध्वर्यू. म्हणजे या रोगाची भारतातील ओळख महाराष्ट्राच्या भूमीवर आणि महाराष्ट्रातल्या अभ्यासकांमुळे झाली. त्यानंतर १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात तो साथीच्या रूपाने उसळला, तेव्हा कुठे देशाने त्याची गंभीर दखल घेतली. अधिक उत्पन्न देणारे बुटके वाण आणि नत्रयुक्त खतांचा सढळ वापर यांबरोबर तो पुढे देशभर पसरला.

जगाच्या इतिहासात तो याहूनही जुना आहे. जपानच्या फुकुओका भागातील शेतकऱ्यांनी १८८४ च्या सुमारास तो प्रथम पाहिला. आरंभी जमिनीच्या आम्लतेला दोष दिला गेला. पुढे रोगट पानांवरचे सकाळचे दवबिंदू गढूळ दिसतात, हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि त्या गढूळपणात जीवाणूंचे थवे सापडले. नेमके कारण हाती येईपर्यंत पाव शतक लोटले. चुकीच्या निदानाची किंमत केवळ आपल्याच शेतकऱ्याने मोजली आहे असे नाही.

हा जीवाणू ‘झांथोमोनास ओरायझी’ या नावाने ओळखला जातो. भाताच्या पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून अथवा जखमेतून तो आत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडण्याची पद्धत त्याला आयतीच दारे उघडून देते. वादळी पाऊस, एका खाचरातून दुसऱ्यात वाहणारे पाणी आणि पूर हे त्याचे वाहक. पीक नसते तेव्हा तो धसकटांत, आपोआप उगवलेल्या भातात आणि बांधावरच्या काही गवतांत आसरा घेतो. यात नवल नाही, कारण भात हेही शेवटी गवतच. ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, मका ही सारी एकाच तृणकुळातली भावंडे आहेत. माणसाचे बहुतांश अन्न या एका कुळातून येते, आणि म्हणून या कुळाचे रोग हा अर्थकारणाचाही विषय आहे. कडा करप्याने होणारी घट सामान्यतः २० ते ३० टक्क्यांच्या घरात सांगितली जाते. रोग लवकर आणि जोराने आला तर ती निम्म्यापर्यंतही जाते.

आता प्रश्न असा, की पाहून ओळखता येत असेल तर प्रयोगशाळा कशाला? अडचण ही, की पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आणि पानाची भाषा एकच. जस्ताची कमतरता, पालाशाची कमतरता, तुडतुडे, विषाणूजन्य टुंग्रो, क्षारयुक्त अथवा रसायनमिश्रित पाणी या सर्वांनी पान पिवळे अथवा तांबूस होते. कोवळ्या रोपात कडा करपा आला तर अख्खे रोप कोमेजते आणि ते खोडकिड्याचे काम वाटते. त्याच जीवाणूचा एक जवळचा भाऊबंद पानाच्या शिरांमधून रेघा पाडणारा वेगळाच रोग करतो. रोग बळावल्यावर दोघांतला भेद जाणत्यालाही कठीण जातो. अनुभवी डोळा हे मोठे साधन आहे, पण तो प्रत्येक गावात नसतो आणि असला तरी त्याच्या निर्णयाला पुरावा नसतो.

जुन्या पद्धतीत रोगट पानातून जीवाणू वेगळा काढायचा, पोषकद्रव्यावर वाढवायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, रासायनिक चाचण्या घ्यायच्या आणि अखेर निरोगी रोपाला टोचून तोच रोग पुन्हा होतो की नाही हे तपासायचे, असा क्रम असे. तो बिनचूक आहे, पण त्याला आठवडे लागतात. तोवर शेतातले भात कापणीला येते. रेण्वीय पद्धतींनी हा काळ काही तासांवर आणला. त्यांचे तत्त्व असे, की प्रत्येक सजीवाच्या डीएनएमध्ये त्याचे असे काही लेखन असते, जे दुसऱ्या कोणात सापडत नाही. ते शोधून काढले की नाव निश्चित झाले.

ही युक्ती १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅरी मुलिस यांना सुचली आणि १९९३ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. ‘पीसीआर’ हे तिचे नाव २०२० च्या महासाथीत घरोघरी पोहोचले. पानाच्या अर्कातील डीएनएचे दोन धागे उष्णतेने वेगळे करायचे. तापमान उतरवून हव्या त्या मजकुराच्या दोन टोकांना जुळणारे छोटे तुकडे चिकटवायचे. मग एका विकराच्या साहाय्याने मधला मजकूर पुन्हा लिहवून घ्यायचा. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, असे करीत ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या सुमारे १०७ कोटी प्रती तयार होतात. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करीत जाणाऱ्या गोष्टीतले गणित ते हेच. मजकूर मुळात नसेल तर प्रती निघत नाहीत. असेल तर इतक्या निघतात की तो लपून राहू शकत नाही. २००० साली जपानी संशोधकांनी ‘लॅम्प’ ही त्याहून सुटसुटीत पद्धत मांडली. तिला तापमान वरखाली करणारे यंत्र लागत नाही. साठ-पासष्ट अंशांचे स्थिर गरम पाणी पुरते आणि निकाल रंगबदलाने डोळ्यांना दिसतो. २००५ मध्ये या जीवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला आणि त्याला नेमके हेरणाऱ्या खुणा निवडणे सोपे झाले.

या पद्धतींचे कौतुक करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मेलेल्या जीवाणूचा डीएनएही चाचणीत दिसतो, म्हणून ‘आहे’ या उत्तराचा अर्थ ‘रोग त्यानेच केला’ असा दर वेळी होत नाही. अस्वच्छ हाताळणीने खोटे होकार येतात. सर्व जीवाणूंना समान असलेला जनुक वाचून कुळाचे नाव कळते, पण कडा करपा करणारा आणि रेघा पाडणारा या दोन भावांत फरक करायला अधिक बारीक खुणा वापराव्या लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निदान हे औषध नव्हे. जीवाणू एकदा पानाच्या नलिकांत पसरला, की त्याला खात्रीने हटवील असे औषध हाती नाही. खाचरातले पाणी काढणे, नत्राचा हप्ता थांबवणे, बांध स्वच्छ ठेवणे आणि पुढच्या वर्षी प्रतिकारक वाण निवडणे, हेच खरे उपाय. म्हणजे निदानाचा लाभ यंदाच्या पिकाला थोडा आणि पुढच्या हंगामाला अधिक.

परंतु हा पुढच्या हंगामाचा लाभ लहान नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने आणि भात संशोधन संचालनालयाने मिळून ‘सांबा मसुरी’ या लोकप्रिय वाणात कडा करप्याला रोखणारे तीन जनुक आणले आणि सुधारित वाण २००८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिले. त्यांतला एक जनुक आफ्रिकेतील रानटी भातातून आलेला आहे. हे परकीय जनुक घुसडणे नव्हे. नेहमीचाच संकर, पण हवा तो जनुक पुढच्या पिढीत उतरला की नाही हे डीएनएच्या खुणेने तपासून केलेला. अशा वाणाचे यश मात्र एका अटीवर अवलंबून असते: ज्या भागात ते पेरायचे तेथे जीवाणूची कोणती जात फिरते आहे, हे ठाऊक हवे. कुलूप तयार आहे, पण चोराकडे कोणती किल्ली आहे हे पाहिलेच नाही, तर कुलपाचा भरवसा कसा धरायचा? २०१९ मध्ये टांझानियात हा रोग उद्‌भवला, तेव्हा जनुकीय तपासणीतून असे दिसले की तेथील जीवाणू आफ्रिकेतल्या जुन्या घराण्याचा नसून आशियातील घराण्याशी नाते सांगणारा होता. नुसत्या डोळ्यांनी हे कधीच उमगले नसते.

उसाचे उदाहरण याहून बोलके आहे. खोडव्याची वाढ खुंटवणारा एक जीवाणूजन्य रोग असा आहे, की त्याचे बाहेरून दिसणारे स्पष्ट लक्षणच नाही. ऊस थोडा बारीक, थोडा आखूड. शेतकरी पाण्याला किंवा खताला दोष देतो आणि तेच बेणे पुन्हा लावतो. उसाची ‘गवताळ वाढ’ तर ज्या भित्तिकाहीन जीवाणूंमुळे होते, ते प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे हे नेहमीच्या मार्गाने जमतच नाही. १९६७ पर्यंत अशा रोगांना विषाणूजन्य मानले जाई. या ठिकाणी रेण्वीय चाचणी ही चैन उरत नाही. ती एकमेव वाट ठरते.

मग ही वाट शेतापर्यंत का येत नाही? उत्तर विज्ञानात नाही, अर्थव्यवस्थेत आहे. दहा-वीस गुंठे भात लावणारा शेतकरी चाचणीचा खर्च एकट्याने करणार नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही रास्त नाही. कारण त्याच्या खाचरातील जीवाणूची माहिती त्याच्यापेक्षा खालच्या अंगाच्या वीस शेजाऱ्यांना अधिक उपयोगी असते. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती बाजारात पुरेशी निर्माण होत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. अशा वस्तूची जबाबदारी समाजाने घ्यायची असते. ती घेतली नाही म्हणून जागा रिकामी राहत नाही. ती कीटकनाशकांचा विक्रेता भरून काढतो. सल्ला देणारा तोच, औषध विकणारा तोच. वैद्याची मिळकत औषधाच्या बाटल्यांवर ठरत असेल, तर ‘औषधाची गरज नाही’ हे निदान त्याच्या तोंडून कसे यावे? यात एखाद्या दुकानदाराच्या नीतीचा प्रश्न नाही. व्यवस्थाच तशी आहे.

या व्यवस्थेचा उपद्रव शेतापुरता राहत नाही. जीवाणूजन्य करप्यावर अनेक वर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण फवारले गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे औषध आहे. मातीत आणि पाण्यात प्रतिजैविके पोहोचली की त्यांना दाद न देणारे जीवाणू फोफावण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका सातबारा पाहून घर निवडत नाही. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन प्रतिजैविकांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच विचाराने. पण रोग बुरशीचा की जीवाणूचा हेच न पाहता फवारणी होणार असेल, तर निर्बंधाने एक बाटली जाते आणि दुसरी येते. उल्हासनगरच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या कारकुनाला भाताच्या रोगाशी कर्तव्य नाही, असे म्हणणाऱ्याने हा संबंध लक्षात घ्यावा.

अंबरनाथ-बदलापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. औद्योगिक वसाहती आणि भाताची खाचरे येथे एकमेकांच्या शेजारी आहेत. वालधुनीसारख्या नदीची काय अवस्था झाली ती सर्वांसमोर आहे. अशा भागात पीक करपले की शेतकरी म्हणतो, ‘कारखान्याच्या पाण्याने गेले’. कारखानदार म्हणतो, ‘रोगाने गेले’. पंचनाम्यात पाने पिवळी असल्याची नोंद होते आणि वाद तेथेच थिजतो. पानांत जीवाणू आहे की नाही हे चाचणीने ठरले, तर निदान एक बाजू निश्चित होईल. जीवाणू नसेल तर पाण्याची तपासणी टाळता येणार नाही. असेल तर निष्कारण संशय फिटेल. निदानाचा कागद हा नुकसानीच्या न्यायातील पुरावा असतो, आणि पुराव्याची गरज दुबळ्या पक्षालाच अधिक असते.

यावर आक्षेप येईल, की या पट्ट्यात शेतीच संपत आली असताना प्रयोगशाळा कोणासाठी? आक्षेप वरवर व्यवहारी आहे. परंतु येथे नवी प्रयोगशाळा बांधण्याची मागणीच नाही. कर्जतला भात संशोधन केंद्र १९१९ पासून आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ते प्रादेशिक केंद्र आहे. लोकलने ते बदलापूरपासून तासाभराच्याही आत आहे. दुसरीकडे कल्याण-उल्हासनगर परिसरातील महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणारे विद्यार्थी दरवर्षी पीसीआरचे प्रात्यक्षिक करतात. प्रात्यक्षिकासाठी तयार नमुना विकत आणण्याऐवजी वांगणीच्या खाचरातले पान आणले, तर शिक्षणही होईल आणि शेतकऱ्याला उत्तरही मिळेल. उणीव यंत्रांची नाही. त्यांना शेताशी जोडणाऱ्या दुव्याची आहे.

हा दुवा जोडण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, तालुका कृषी कार्यालयाने जुलै ते सप्टेंबर या काळात ठरलेल्या दिवशी गावोगावचे नमुने गोळा करून कर्जतला अथवा केंद्राने मान्य केलेल्या महाविद्यालयाकडे पाठवावेत, आणि त्याचा खर्च शासनाने सोसावा. दुसरी, निकाल फाइलीत न राहता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. कोणत्या शिवारात कोणता रोग आणि पुढल्या वर्षी कोणते वाण, एवढे दोन ओळींत. तिसरी, गावच्या शाळेतील शिक्षकांनी साध्या परीक्षेचा प्रसार करावा. रोगट पानाचा ताजा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरून उजेडाकडे पाहिले, तर काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधासारखी धूसर रेघ पाण्यात उतरताना दिसते. दिसली तर जीवाणूचा संशय बळावतो आणि तो नमुना पुढे पाठवावा. न दिसल्यास निदान इतर कारणांकडे लक्ष वळवावे. याला पैसा लागत नाही, फक्त सांगणारा माणूस लागतो.

पीकविम्याच्या योजना येतात आणि बदलतात. २०१६ पासून महाराष्ट्राने त्यांची अनेक रूपे पाहिली. विमा नुकसान झाल्यावर हिशेब करतो आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न विचारतो. पीक का गेले हे विचारणे त्याचे काम नाही. ते काम कोणाचे तरी असले पाहिजे. माणसाच्या तापात हिवताप, विषमज्वर आणि डेंग्यू वेगळे काढल्याशिवाय आज कोणी औषध घेत नाही; रक्त तपासल्याशिवाय लिहिलेल्या चिठ्ठीवर सुशिक्षित माणूस विश्वास ठेवत नाही. भाताच्या बाबतीत मात्र ‘करपा’ या एका शब्दावर सारा कारभार चालतो. ज्या प्रदेशाच्या शेजारी या रोगाची देशातील पहिली नोंद झाली, तेथे सात दशकांनंतरही शेतकऱ्याला त्याच्या रोगाचे नाव सांगता येऊ नये, ही गोष्ट शेतकऱ्याच्या अज्ञानाची नव्हे; ज्यांच्याजवळ ज्ञान आहे त्यांच्या आळसाची निदर्शक आहे.